आईला कुठं ठेवायचं

ऑफिसची कॅब ऐरोलीच्या सिग्नलला अडकली होती, एसी नुसताच आवाज करत होता आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा फोन वाजला. तिने उचलला आणि हॅलो म्हणायच्या आधी अंगठ्याने व्हॉल्यूमचं बटण खटाखट दाबलं, इतकं सरावाने की ते तिचं तिलाही कळलं नसेल. पण पलीकडच्या बाईचा आवाज शेतातून हाका मारायची सवय असलेला, तो बटणाच्या आधीच बाहेर पडला. "जयभीम वं माय, जेवली काय?" पुढचं मग काही ऐकू आलं नाही. हिने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि एकदम घासूनपुसून लख्ख केलेल्या मराठीत "हो आई, जेवले, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते हं" म्हणून फोन ठेवला. मीटिंग कसली, सगळे घरी चाललो होतो, मागच्या सीटवरचा एक जण तोंड उघडं टाकून झोपला होता. मग माझ्याकडे बघून म्हणाली, इथं नेटवर्कच नसतं ना. मी म्हटलं, हो ना, ह्या पट्ट्यात कायम प्रॉब्लेम असतो.

नेटवर्क फुल होतं.

तिचं आडनाव असं आहे की त्यावरून काही म्हणजे काहीच कळत नाही, गावावरून पडलेलं, शेवटी कर. गाव विचारलं तर ती नागपूर सांगते, जिल्हा बुलढाणा हे मला एकदा तिच्या कुरिअरच्या बॉक्सवरून कळलं. लंचला कुणी रिझर्वेशनवर बोलायला लागलं की ती पाण्याची बाटली भरायला उठते, बाटली भरलेली असली तरी उठते. मला हे सगळं माहिती आहे हे तिला माहिती आहे का, मला माहिती नाही. माझं आडनाव ऐकून आजवर कुणी पुढचा प्रश्न विचारलेला नाही, घर भाड्याने घेतानाही नाही, त्यामुळे मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं वगैरे म्हणण्यात काही अर्थ नाही. मला फक्त तो अंगठा दिसत राहिला. आणि पलीकडची ती आई, जिला लेकीने दोनच शब्दांनंतर बारीक करून टाकलं होतं, आणि जिला ते बहुतेक ठाऊकही होतं, कारण उलट फोन काही आला नाही.

त्या रात्री मला हॉलिवूडची जुनी नटी मर्ल ओबेरॉन हिची आई आठवली. मर्ल स्वतः नाही, आई. मर्ल बऱ्याच जणांना आठवते, विशेषतः २०२३ साली मिशेल योला ऑस्कर नॉमिनेशन मिळालं आणि पेपरवाल्यांना 'पहिली आशियाई अभिनेत्री' असं सरळ लिहिता येईना तेव्हापासून, कारण १९३५ च्या एका सिनेमासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नॉमिनेशन मिळालेली मर्ल आपल्या मुंबईची होती. १९ फेब्रुवारी १९११, मुंबई. पण ती जन्मभर सांगत राहिली की मी ऑस्ट्रेलियाच्या खालच्या त्या टास्मानिया बेटावरची, आईबाप दोघंही गोरे. म्हणून मग पेपरवाले लिहायला लागले, 'स्वतःला आशियाई म्हणवणारी' पहिली. त्या एका 'म्हणवणारी'त एक अख्खी बाई गायब झाली, तिचं नाव शार्लट सेल्बी.

शार्लट सिलोनची, मिश्र रक्ताची, अंगाने चांगलीच सावळी. मर्लला ती मुंबईहून कलकत्त्याला घेऊन गेली ते १९१७ साल. तिथं ला मार्टिनिएरसारख्या नामांकित शाळेत पोरीला स्कॉलरशिप मिळाली, पण आईबापावरून मुली इतक्या चिडवायच्या की ती शाळा सोडून घरीच शिकली. क्वीनी थॉम्प्सन हे तेव्हाचं नाव. पुढे टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, संध्याकाळी फिर्पोज नावाच्या रेस्टॉरंटमध्ये नाचगाणं, आणि तिथं भेटलेला एक बडा गोरा साहेब. तो एका रात्री तिला घरी सोडायला आला, दारात शार्लट दिसली आणि सगळं त्याच्या लक्षात आलं, मग हळूच अंग काढून घेतलं, असं चरित्रकार सांगतात. म्हणजे पोरीचा रंग चालून गेला होता. अडचण आईची झाली.

मग दोघी युरोपात आणि पुढे लंडनला गेल्या, तिथं अलेक्झांडर कोर्डा नावाच्या निर्मात्याने तिला १९३३ साली हेन्री राजाच्या सिनेमात छोटंसं काम दिलं, पुढे त्याच्याशी तिचं लग्नही झालं. सिनेमा धो धो चालला. नवं नाव, नवं गाव, सैन्यातले बाबा, सगळं पब्लिसिटीवाल्यांनी जुळवून दिलं. टास्मानिया का, तर लांब. लंडनमधलं कुणी उठून खातरजमा करायला जाणार नव्हतं. आणि आई? आईला टास्मानियात बसवता येईना, तिच्या रंगाला तिथं जागाच नव्हती. आईला सोडून द्यायचंही मर्लच्याने झालं नाही, हे मी तिच्या बाजूने नक्की मांडीन. मग शार्लट घरातच राहिली, आणि पाहुणे आले की ती नोकराणी असायची.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मोठ्या गोष्टींपेक्षा बारीकसारीकच प्रश्न पडत होते. बेल वाजल्यावर काय व्हायचं? शार्लट उठून आत जायची की तिनेच दार उघडायचं? लोकांसमोर मर्ल तिला नावाने हाक मारायची का, आणि ती 'येस मॅडम' म्हणायची? पाहुणे गेल्यावर उरलेलं खाताना दोघी हसायच्या का, कारण हसण्याशिवाय अशा वेळी दुसरं काय करणार, की त्या वेळी दोघींपैकी कुणीच काही बोलायचं नाही? पोरीच्या पायात काटा नको म्हणून आया काय काय करतात ते आपण बघतोच, पण इथं आईनेच वाटेतून बाजूला व्हायचं होतं. आणि ते तिने केलं. १९३७ ला ती गेली. पुढे १९४९ मध्ये मर्लने एका जुन्या फोटोवरून तिचं मोठं पोर्ट्रेट करून घेतलं, आणि चित्रकाराला सांगितलं की रंग जरा उजळ काढ. ते पोर्ट्रेट घेऊन ती घरं बदलत राहिली, शेवटपर्यंत ते तिच्या भिंतीवर होतं. आता पाहुण्यांना सांगता येत होतं, ही माझी आई.

माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं, आणि आमच्या लायनीत शेवटच्या घरात एक अँग्लो-इंडियन आंटी राहायच्या. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवायच्या, मानेवर टाल्कम पावडरचे पांढरे पट्टे, आणि बोलताना नेहमी 'होम'ला असं असतं न् 'होम'ला तसं असतं. होम म्हणजे इंग्लंड, जे त्यांनी बघितलेलं नव्हतं. त्यांची एक बहीण ऑस्ट्रेलियाला होती. हॉलमध्ये दोघींचा लहानपणीचा एक फोटो होता, एकसारखे फ्रॉक, एक पोर गोरीपान आणि ह्या आपल्या आमच्यासारख्या. नाताळला कार्ड यायचं, बहीण काही कधी आली नाही. आई एकदा बोलून गेली, की येईल कशी, तिथल्या लोकांना बहीण दाखवावी लागेल ना. मला तेव्हा ते नुसतं टोमण्यासारखं वाटलं होतं. मोठी झाल्यावर वाचलं तेव्हा कळलं की तिथं खरोखर तसा हिशोब चालायचा. ऑगस्ट १९४७ मध्ये मनूरा नावाच्या जहाजातून काही शे अँग्लो-इंडियन मुंबईहून निघून फ्रीमँटल बंदरात उतरले, आणि हे तर काळे आहेत म्हणून तिथं केवढा गहजब झाला. त्यानंतर आत घ्यायचं ते युरोपीय रक्त जास्त पाहिजे आणि दिसायलाही गोरं पाहिजे, असं बघून. हे धोरण जाता जाता १९७३ उजाडलं. एकाच आईच्या दोन पोरी, एकीच्या रंगाला व्हिसा मिळाला आणि दुसरीच्या नाही, असं आमच्या शेजारी झालं होतं का ते मला आता कुणी सांगू शकणार नाही, पण आंटी बहिणीबद्दल कधी वाईट बोलल्याचं मला आठवत नाही. कार्ड फ्रिजवर वर्षभर असायचं.

मर्लला खोटं बोलायची गरज होती का, असं विचारणारे लोक मला थोडे भाबडे वाटतात. अमेरिकेत १९१७ च्या कायद्याने आपल्याकडच्या माणसांना देशात यायचीच बंदी होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड नावाच्या पंजाबी माणसाची, जो पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होता, नागरिकत्वाची केस सुप्रीम कोर्टात गेली. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, त्याच्या बाजूने युक्तिवाद काय होता, तर हा उच्च जातीचा आर्य आहे, म्हणून हा गोरा, आणि हे लोक लग्नसंबंधात इथल्या आदिवासींना तसेच लांब ठेवतात जसे तुम्ही निग्रोंना ठेवता. आपली जात तिथं गोरेपणाचा दाखला म्हणून कोर्टात दाखल झाली! त्याचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मी क्षणभर सुखावले आणि लगेच वरमले. कोर्टाने सांगितलं, शास्त्र काही म्हणो, रस्त्यावरचा साधा माणूस ह्याला गोरा म्हणणार नाही, तेव्हा हा गोरा नाही. त्यानंतर सरकारने आधी नागरिकत्व दिलेल्या हिंदी माणसांचं नागरिकत्वही काढून घ्यायला सुरुवात केली, खुद्द पंडितांच्याही मागे लागले, पण ते आपली केस लढले आणि जिंकले. मर्ल हॉलिवूडला पोचली ती ह्या सगळ्यानंतर दहा-बारा वर्षांत. पडद्यावर गोऱ्या आणि काळ्या माणसांचं प्रेम दाखवायला स्टुडिओंच्या नियमावलीत सरळ मनाई होती आणि आशियाई लोकांनाही तोच न्याय लावायचे. १९३७ च्या एका गाजलेल्या सिनेमात चिनी शेतकऱ्याच्या बायकोचं काम होतं, ॲना मे वाँगसारखी चिनी वंशाची नटी तिथं हजर असताना ते जर्मनीत जन्मलेल्या लुइझ रायनरला दिलं, आणि तिला त्याबद्दल ऑस्करही मिळालं. अशा गावात मुंबईची आणि कलकत्त्याची क्वीनी नायिका म्हणून किती दिवस टिकली असती?

तेव्हा खोट्यावर माझा आक्षेपच नाही. खुशाल बोलावं. ज्या दारावर पाटी लावलीय त्या दारातून वेष पालटून आत घुसणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. मला छळतं ते वेगळंच. असं आत घुसणं एकट्याने होत नाही. एक माणूस पलीकडे जातो आणि त्याचं अख्खं घर अलीकडे उभं राहून गुपित सांभाळतं, ज्याचा त्यांना स्वतःला छदामाचा उपयोग नसतो. जाणाऱ्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो, त्याचं धाडस, त्याची घुसमट, त्याचं एकटेपण. सांभाळणाऱ्यांबद्दल कोण बोलतं?

अमेरिकेतल्या काळ्या घरांमध्ये असे सांभाळणारे किती असतील ह्याची मोजदादच नाही. ॲलिसन हॉब्स नावाच्या इतिहासकार बाई ह्याच विषयाकडे वळल्या त्या आत्याकडून ऐकलेल्या घरातल्याच एका गोष्टीमुळे. शिकागोच्या साउथ साइडला राहणारी लांबच्या नात्यातली एक मुलगी, अंगाने गोरी म्हणावी इतकी उजळ. शाळा संपली तशी तिच्या आईनेच ठरवलं की हिला लॉस एंजेलिसला धाडायचं, तिथं गोरी म्हणून राहू दे. पोरगी रडली, मला नाही जायचं, माझे मित्रमैत्रिणी, माझी माणसं इथं आहेत. आईने ऐकलं नाही. बऱ्याच वर्षांनी त्याच आईचा फोन, तुझे वडील शेवटचे आहेत, ये निघून. आणि मुलगी म्हणाली, नाही येऊ शकत, मी आता गोरी बाई आहे. तिकडे गोरा नवरा, गोरी पोरं. आईला काय बोलणार, तिनेच तर पाठवलं होतं. हे वाचल्यावर मी फोन उलटा ठेवला आणि उगाच गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढले.

अनातोल ब्रॉयार्डचं तर ह्याच्या उलट, त्याने घरातल्यांना अंतरावर ठेवलं आणि तेही फार लांब न जाता. न्यूयॉर्क टाइम्समधला दबदबा असलेला समीक्षक, मूळ न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल, म्हणजे काळ्या-गोऱ्या मिश्र वंशाच्या घरातला, पण गोरा म्हणून वावरलेला. त्याची बहीण शर्ली काळी म्हणून जगली, तिचा नवरा फ्रँकलिन विल्यम्स नागरी हक्कांसाठी लढणारा वकील, पुढे घानामध्ये अमेरिकेचा राजदूत. भाऊ गोऱ्या कनेटिकटमध्ये, मेव्हणा काळ्यांच्या केसेस लढतोय, आणि दोन्ही घरांचं जाणंयेणं जवळपास नाहीच. ब्रॉयार्ड १९९० मध्ये कॅन्सरने गेला, मरणाच्या दारात असतानाही पोरांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं त्याच्याच्याने झालं नाही, शेवटी बायकोने सांगितलं. मोठी मोठी पोरं. मुलगी ब्लिस त्यानंतर कितीतरी वर्षं वडिलांच्या माणसांना शोधत हिंडली. आत्या, चुलतभावंडं, सगळी होतीच की, गाडीने जाण्याच्या अंतरावर.

इथं मला राहून राहून वाटतं की रंग लपवता येतो पण नाती लपवायची तर माणसं लपवावी लागतात. आणि आपल्याकडे तर रंगाचाही आधार नाही, सगळा मामला आडनाव, गाव, देवघरातला फोटो, बोलण्यातला हेल ह्यांचा. त्यामुळे इथं उलट जास्त माणसं लपवावी लागतात. ऑफिसात रंग बघून कुणाला काही कळत नाही, आईचा फोन आला की कळतं. लग्नपत्रिकेतल्या प्रेषकांच्या यादीवरून कळतं. घरी आलेल्या मामाने कुणाचं गाणं लावलं त्यावरून कळतं. आमच्या ह्या मैत्रिणीने गेल्या दिवाळीनंतर नवीन फ्लॅट घेतला, आम्हाला सगळ्यांना बोलावलं, पनीरची भाजी आणि पुलाव होता, एक चकचकीत रिकामी भिंत होती. आई कुठंय विचारलं तर म्हणाली, तिला मुंबई मानवत नाही, दोन दिवसांपूर्वीच परत गेली. किचनमध्ये मात्र ज्वारीचं पीठ मळायची मोठी पितळी परात ओट्याखाली उभी करून ठेवलेली, अजून ओली. मी पाणी प्यायला गेले होते. बघितलं आणि पाणी पिऊन बाहेर आले.

आता ह्यात मी कोण? मी तिला विचारत नाही, कारण तो तिचा प्रश्न आहे, आणि असं विचारणं म्हणजे तिला उघडं पाडणंच. पण न विचारण्यात माझीही सोय आहेच, मला काही करावं लागत नाही. लंचला तो रिझर्वेशनवाला बोलायला लागतो तेव्हा ती बाटली घेऊन उठते आणि मी डबा संपवत बसते. अलीकडे दोनदा मी त्याला तिथल्या तिथे बोलले. एकदा जरा जास्तच चढा आवाज लागला. ती बाटली भरून आली आणि तिने चक्क विषय बदलला, माझ्याकडे न बघता. तिला राग आला असावा, माझ्या आवाजामुळे लोक तिच्याकडे बघतील म्हणून. असंही असू शकतं की तिला काहीच वाटलं नाही आणि मीच माझ्या मनाचे खेळ खेळतेय.

मर्लने स्वतःच्या अंगावर काय काय करून घेतलं तेही विसरायला नको. रंग उजळायची क्रीम्स, त्यातून कातडी खराब, १९३७ मध्ये मोटार अपघातात चेहऱ्यावर जखमा, मग कातडी घासायचे उपचार. तिचा दुसरा नवरा लूशियन बॅलार्ड कॅमेरामन होता, त्याने कॅमेऱ्याच्या शेजारी लावायचा एक खास दिवा तयार केला, ज्याच्या उजेडात चेहऱ्यावरचे डाग विरून जातात. त्या दिव्याला तिच्याच नावावरून 'ओबी' म्हणतात. आणि मग १९७८, मरणाच्या एक वर्ष आधी, टास्मानियाच्या होबार्टला लॉर्ड मेयरने तिच्यासाठी समारंभ ठेवला. आपल्या गावची पोर परत आली! तिथं पोचल्यावर ती म्हणाली, माझा जन्म इथला नाही. मग तब्येतीचं कारण सांगून निघून गेली, हॉटेलच्या खोलीबाहेर पडली नाही, तिच्या नावाचं थिएटर होतं तेही बघायला गेली नाही. पण टास्मानियाची माणसं खमकी, त्यांनी तोवर तिला त्यांच्यातली एक आई देऊनही टाकली होती, सेंट हेलन्समधल्या हॉटेलात काम करणारी लॉटी चिंटॉक नावाची चिनी वंशाची बाई, आणि कित्येक जण ते अजून मनापासून मानतात. शार्लटला आधी लेकीने आत ढकललं, मग जगाने तिच्या जागी दुसरीच बाई आणून बसवली.

आणि शार्लटचंही सगळं खरं नव्हतं. मर्ल तिची मुलगी नव्हतीच, नात होती. शार्लटची थोरली मुलगी कॉन्स्टन्स शाळकरी वयात बाळंत झाली, शार्लटने मूल आपलं म्हणून वाढवलं आणि लेक झाली बहीण. कॉन्स्टन्सला पुढे लग्नाची चार मुलं झाली, ती सगळी मर्लला मावशी समजत मोठी झाली, कुणी सुरतेत, कुणी इंग्लंडात, हॅरी टोरंटोला. ह्या हॅरीने मुंबईच्या सरकारी दप्तरातून मर्लचा जन्मदाखला शोधून काढला, आणि आईच्या रकान्यात त्याच्याच आईचं नाव. मावशी नव्हे, बहीण. तो लॉस एंजेलिसला तिला भेटायला गेला, तिने भेट नाकारली. मर्ल १९७९ मध्ये गेली, मग चरित्रकार आले, हॅरीशीही बोलले, आणि ती हिंदुस्थानातली होती हे १९८३ मध्ये जगजाहीर झालं. त्यानंतर काय अडत होतं? पण हॅरीने दाखल्याचं चरित्रकारांना सांगितलंच नाही. ज्या बहिणीने दार उघडलं नाही तिची, आणि तिच्यामुळे स्वतःच्या आईची, झाकली मूठ हा माणूस परदेशात बसून राखत राहिला. मला ह्या हॅरीचा राग येतो आणि त्याला नमस्कारही करावासा वाटतो, पण जास्त करून रागच येतो, की इतकं मोठं मन त्याच्याकडे कुणी मागितलं होतं का, आणि मागितलं नसेल तर ते आपोआप कसं काय वसूल झालं. शेवटी त्याने सांगितलं ते २००२ च्या एका डॉक्युमेंटरीसाठी, ती करणाऱ्या ऑस्ट्रेलियन बाईंना, तोवर मर्लला जाऊन वीस वर्षं उलटून गेली होती आणि गुपित ठेवून कुणाचाच काही फायदा उरला नव्हता.